कुंदाताई काय म्हणाली

आमच्या घरात सगळ्यात जास्त कौतुक माझं व्हायचं आणि त्या कौतुकात काडीचाही अर्थ नव्हता. "आमच्या विजूला कुंदाचं सगळं कळतं हो," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि मी, आठ-नऊ वर्षांची दीडशहाणी, मान वर करून उभी राहायची. कुंदाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हाताने काहीतरी सांगायची, मी त्यातलं जमेल तेवढं उचलायची आणि उरलेलं पदरचं घालायची. तिला भूक लागलीय, तिचं डोकं दुखतंय, तिला झोप आलीय. यापलीकडे तिच्याकडे सांगण्यासारखं काय असणार, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. परवा बसून मी आठवून आठवून मोजलं, तर आमच्या घरात उण्यापुऱ्या चाळीस खुणा होत्या. बाबा म्हणजे डोळ्यांवरचा चष्मा, आई म्हणजे कपाळावरचं कुंकू, मी म्हणजे दोन वेण्या. बाकीच्या म्हणजे जेव, अंघोळ कर, दार लाव, गप्प बस, पाहुणे आलेत, आत जा. निम्म्याहून अधिक हुकूमच. 'का' याला खूण नव्हती. 'काल'ला नव्हती, 'उद्या'ला नव्हती. 'तुला काय वाटतं' या खुणेची तर कुणाला कधी गरजच पडली नाही.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा केमिकल कंपनीत सुपरवायझर. घर आवाजांनी गच्च भरलेलं असायचं. कंपनीचा भोंगा झाला की आई कुकर चढवायची, बाबा रेडिओवरच्या बातम्या अख्ख्या आळीला ऐकू जातील अशा लावायचे, मी परवचा ओरडायचे. आणि मध्येच आई हळूच ताईच्या मागे जाऊन पितळेचं ताट जमिनीवर आपटायची. ताई वळते का, ते बघायला. ताई कधीकधी वळायची, कारण फरशी हादरलेली तिच्या तळपायांना कळायची. मग त्या दिवशी घरात शिरा व्हायचा आणि बाबा सगळ्यांना सांगायचे की फरक पडतोय. दर सोमवारी देवळात जायचं. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून आई ताईचं डोकं पिंडीपुढे टेकवायची, वर आल्यावर तिला घंटेखाली उभी करून घंटा बडवायची. घरी वेखंड उगाळून मधातून तिच्या जिभेला लावायची. ते इतकं कडू की ताईचे डोळे भरून यायचे. आई म्हणायची, "बघा, जिभेला जाग येतेय."

मग कल्याणच्या एक बाई मिळाल्या. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायच्या. त्या आईला म्हणाल्या, "हात मोकळे राहिले तर तोंड कधीच उघडायचं नाही. आधी हातांची सवय मोडा." आईने ते शब्दशः घेतलं. रोज दुपारी ताईला पाटावर बसवायचं, तिचे दोन्ही हात जुन्या परकराच्या नाडीने पाठीमागे बांधायचे, तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि प, ब, म म्हणायला लावायचं. प म्हणताना कागद हलला पाहिजे. ताईला वालाचं बिरडं जीव की प्राण. आई ते तिच्यासमोर वाढून ठेवायची आणि म्हणायची, "बिरडं म्हण, मग खा." ताई घशातून काहीतरी काढायची. तो आवाज मला अजून जशाच्या तसा आठवतो, आणि मी तो कुणाला काढून दाखवणार नाही. कधी आईचं समाधान व्हायचं, कधी भात गार होऊन जायचा. मी शेजारीच बसून माझं बिरडं संपवायची. मला नुसतं 'आई, वाढ' म्हटलं की मिळत होतं. बाबा दारातून बघायचे आणि त्यांची ठरलेली म्हण म्हणायचे, "हात दाखवून अवलक्षण कशाला? बोलायला शिकलंच पाहिजे." दहा वर्षांच्या त्या छळातून ताईला 'आई', 'पापा' आणि 'पाणी' एवढे तीन शब्द आले, तेही असे की पाहुणे तोंड फिरवायचे.

माझी मुलगी म्हणते, आजीवर इतका राग बरा नव्हे, तिला कुणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. खरं आहे. पण त्या नाडीची गाठ आईला नीट बसत नसे, आणि ती बांधायला मला हाक मारली जायची. म्हणून हा राग मी नुसता आईपुरता ठेवू शकत नाही.

ताईला शिवण उत्तम यायचं. विशी ओलांडल्यावर तिला उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात काम मिळालं. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आणि तीसेक मशीन. ती एकदम सुरू झाली की कानठळ्या बसायच्या. मी तेव्हा उल्हासनगरलाच कॉलेजात होते आणि येताना ताईला घेऊन यायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी सिंधी शेठ मला कौतुकाने म्हणाले, "तुम्हारी दीदी बेस्ट है. ऐसे छह लोग रखे हैं मैंने. क्यों मालूम? ये लोग बात नहीं करते, सिर्फ काम करते हैं." मी शेडमध्ये बघितलं. ऐकू येणारे कारागीर एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते आणि तरी दर वाक्याला "क्या?" "काय?" चाललेलं. आणि ती सहा जणं, कुणी या टोकाला, कुणी त्या टोकाला, सगळ्यांच्या डोक्यावरून हातांनी आरामात गप्पा हाणत होती. शेठच्या नाकासमोर. ताई मशीन थांबवून उभी होती आणि शेठची चाल, त्याचं पॅन्ट वर ओढणं, गिऱ्हाईक आलं की वाकणं, सगळं करून दाखवत होती. पाचही जणांची हसून पुरेवाट झाली होती. मी तिला अशी कधीच पाहिली नव्हती. आमच्या घरातली ती खालमानेची ताई इथे चक्क बडबडी होती.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मला तिचं सगळं कळतं अशी माझी ख्याती, आणि इथे मला अक्षर कळत नव्हतं. त्यांच्यात शारदाबाई म्हणून चाळिशीच्या होत्या, खिसे जोडायच्या मशीनवर. सहा जणांत लिहिता फक्त त्यांनाच यायचं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून मला जवळ घेतलं, शिंप्याचा खडू उचलला आणि समोरच्या निळ्या कापडावर लिहिलं, 'बहीण खूप छान बोलते. तू शिक.' मग माझा हात धरून त्यांनी दोन-तीन खुणा माझ्याकडून करवून घेतल्या, आणि ताई लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत उभी. मी हो हो म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मी आत गेलेच नाही, फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी उभी राहू लागले. मला कशाला शिकायची? मला तोंड होतं. आणि रस्त्यात असे हात नाचवताना कॉलेजातल्या कुणी बघितलं तर मलाही मुकी समजतील, ही भीती होतीच. कॉलेजपासून चार गल्ल्यांवर शाळा चालत आली होती, फुकट, आणि मी टपरीवर उभी राहून बुटांची टोकं बघत होते.

बाबांच्या कंपनीतल्या कुणीतरी ताईला स्टेशनच्या पुलावर त्या पाच जणांबरोबर बघितलं. काम सुटल्यावर ते सगळे तिथे थांबून बोलायचे. बाबा घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता म्हणाले, "चारचौघांत माकडचेष्टा चालल्यात. उद्या काही झालं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हिचं लग्न उरकून टाकू." त्यांना घाई दोघींची होती. ताईचं झाल्याशिवाय माझं होणार नव्हतं, आणि मला ते व्हायला हवं होतं, हेही इथे लिहून ठेवते.

स्थळ आलं बदलापूरच्या बेलवलीचं. दामोदर, घरची भातशेती, पावसाळ्यानंतर भेंडी. एका डोळ्यात फूल पडलेलं, म्हणून तिशी उलटूनही राहिला होता. आईवडील नव्हते, सगळं बघणारी आत्या. पोहे झाले, साडीचोळीचं बोलणं झालं. बाबा सुपारी पुढे करणार, तेवढ्यात आत्याबाईंनी हात आडवा धरला. "थांबा जरा. पोरीला इचारलंय का?"

"तिला सगळं सांगितलंय," बाबा म्हणाले.

"तुमी सांगितलं असंल. ती काय म्हनते? आमच्या म्होरं इचारा. उद्या लोकांनी म्हनायला नको, मुकी बघून गाय बांधून आनली."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आई अभिमानाने म्हणाली, "विजू विचारेल. तिला कुंदाचं सगळं कळतं." मी दामोदरकडे बोट केलं, गळ्याशी मंगळसूत्राची खूण केली आणि भुवया उंचावल्या. ताई पदर सावरून उभी राहिली आणि बोलायला लागली. घाबरली नव्हती, शांत होती. तिने त्याच्याकडे बोट केलं, मशीन चालवल्याची खूण केली, स्वतःची दहाही बोटं त्याच्यासमोर हलवली, उल्हासनगरच्या दिशेला हात केला, बोटांवर काहीतरी मोजलं, छातीवर हात ठेवला आणि शेवटी तळहात आडवा, कापल्यासारखा फिरवला. तो शेवटचा 'नको' मला कळला. तो आमच्या चाळिसांतला होता. बाकी सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. मला वाटलं, हिला लग्न नको, कारखाना हवा. बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते.

"ती म्हणते, तुम्ही मोठी माणसं ठरवाल तसं," मी म्हणाले.

दामोदर पहिल्यांदाच बोलला. "येवढंच? हात तर किती येळ चालले."

"तिचं असंच असतं," मी ठसक्यात सांगितलं. "साधी गोष्ट सांगायलाही तिला खूप वेळ लागतो."

सगळे हसले. आत्याबाईंनी ताईला कुंकू लावलं, बाबांनी सुपारी दिली, आईने साखर वाटली. आणि ताई, जिच्या 'नको'चं मी 'हो' केलं होतं, तीही हसली. स्वयंपाकघरात येऊन तिने मला मिठी मारली, गालाला गाल घासला, माझ्या वेण्यांची खूण करून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, चला, तिलाही पटलं. मन मोठं सोयीचं असतं.

लग्नाला तीन-चार महिने झाले असतील, दामोदर, म्हणजे आता आमचे भावोजी, अंबरनाथला एकटेच आले. भेंडीची पिशवी दारात ठेवून भिंतीला टेकून बसले. "सकाळ झाली का माझा हात धरते नि रस्त्याकडं वढते. बोटानं उल्हासनगर दाखवते. मी नाय म्हनलो का रडते. तिला नांदायचं नाय वाटतं माझ्याकडं." बाबांनी जावयाला सल्ला दिला, की काही दिवस तिला बाहेर सोडू नका, कारखान्याचं खूळ डोक्यातून जाऊ दे. आणि मला म्हणाले, "विजू, तू जाऊन समजाव." मी बेलवलीला गेले. ताई मला बघून धावत आली, हात भराभर चालायला लागले, पुन्हा तीच बोटं, तोच हात त्याच दिशेला. मी आमच्या चाळिसांतल्या तीन खुणा काढल्या. घर. बस. गप्प. मग तिने हात खाली घेतले, आत गेली आणि माझ्यासाठी चहा टाकला. त्यानंतर तिने भावोजींचा हात कधी ओढला नाही. कारखाना सुटला, पूल सुटला. गावातल्या बायकांचे ब्लाउज ती घरी शिवू लागली. भावोजी वाईट नव्हते. सुरुवातीला ते तिच्या कानाशी जाऊन ओरडायचे, मग तेही थांबले. मारलं नाही, दारू प्यायले नाहीत, एक मुलगा झाला, त्याचं सगळं नीट केलं. फक्त त्या घरात नवरा-बायको कधी बोलली नाहीत. माझं लग्न त्याच वर्षी झालं.

मध्ये अख्खं आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी ताईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात ती हातवारे करून रडत होती आणि मी डॉक्टरांना नेहमीच्या आत्मविश्वासाने सांगत होते, "घाबरलीय ती." त्यांनी कुठूनतरी साइन, म्हणजे हातांची भाषा, जाणणारी एक मुलगी बोलावली. तिने मिनिटभर ताईचं बघितलं आणि म्हणाली, "घाबरल्या नाहीत, चिडल्यात. नेमकं काय कापणार, ते त्या सकाळपासून विचारतायत. नंतर पायाने मशीन चालवता येईल का, आणि उत्तर बहिणीला नको, मला द्या, म्हणतायत." पन्नास वर्षांची माझी ख्याती त्या खाटेपाशी मिनिटभरात संपली. मी त्या मुलीला विचारलं, कुठे शिकतात हे. बदलापूरलाच रविवारी वर्ग होता. शिकवणारा मुलगा स्वतः बहिरा, पंचविशीचा, भारी कडक. वर्गात तोंडाने बोललं की बाहेर काढायचा. त्रेसष्टाव्या वर्षी मी 'का' शिकले. 'काल' शिकले, 'उद्या' शिकले. माझी बोटं आखडलेली, त्यामुळे बोबडी बोलते म्हणे मी. ताई मला हसायची, चुका काढायची, आणि मोबाइलवर पुन्हा सापडलेल्या जुन्या कारखान्यातल्या मैत्रिणींना व्हिडिओ लावून माझं बोबडं बोलणं दाखवायची. त्या काळात मी थोडी सुखात होते, आणि तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात बेलवलीला गेले होते. बाहेरच्या पडवीत आम्ही दोघी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. साइन करणाऱ्या माणसाबरोबर वाल सोलायला दुप्पट वेळ लागतो, दर वाक्याला हातातलं खाली ठेवावं लागतं. भावोजी खुर्चीवर पेपर घेऊन बसलेले. मी ताईला विचारलं, त्या दिवशी, पोहे झाल्यावर, तू काय म्हणाली होतीस?

तिने हात पदराला पुसले. तिला आठवावं लागलं नाही. तीच बोटं, तीच दिशा, आणि या वेळी मला शब्द न शब्द कळला. 'हा माणूस मला चालेल. पण मी शिवते तिथे त्याने यावं, हातांनी बोलायला शिकावं. सहा महिने. शारदा शिकवेल. मग मी आनंदाने येईन. शिकणार नसेल तर मला नको.'

मग ती म्हणाली, 'तो हो म्हणाला. सगळे हसले, साखर वाटली. आणि नंतर आलाच नाही. मी रोज ओढायची. खोटारडा.' तिने भावोजींकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं ती एका वचन मोडणाऱ्या माणसाच्या घरात भाकऱ्या थापत होती.

मी सांगितलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मला कळलं नव्हतं. मी खोटं बोलले. ताईने सगळं बघितलं आणि पुन्हा वाल सोलायला घेतले. एक, दोन, तीन. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. मला तिथे बसवेना. मी भावोजींना हाक मारली आणि त्या दिवशी ताई काय म्हणाली होती, ते त्यांना पहिल्यांदा, तोंडाने, अख्खं सांगितलं.

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. त्यांचा चांगला डोळा वालाच्या परातीवर होता. मग म्हणाले, "मंग सांगायचं ना गं. कुठं लांब होतं? सायकलीनं गेलो असतो. शिकलो असतो की मी."

ताईने आमचे ओठ हलताना बघितले होते. तिने मला विचारलं, काय म्हणाला? मी हात उचलले. तिने पुढे वाकून माझी दोन्ही मनगटं धरली आणि खाली, माझ्या मांडीवर दाबून ठेवली. मान हलवली. मग हनुवटीने त्यांच्याकडे दाखवलं. त्यांनी सांगावं.

भावोजींना ते कळलं. ते खुर्चीतून पुढे सरकले, दोन्ही हात वर घेतले आणि तसेच धरून राहिले. जेवण, चहा, चल, एवढंच त्या हातांना येत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"शिकलो असतो, असं कसं करतात गं?" त्यांनी विचारलं.

ताईने माझी मनगटं सोडली नाहीत.